राजा-राणीचा डबा

आमचं मंडळ वर्षातून एक नाटक करतं आणि उरलेलं वर्षभर त्या नाटकाबद्दल बोलतं. नाटक विसरलं जातं, किस्से राहतात. बरं, किस्से एकेकटे येतील तर शपथ! एक सांगायला घ्यावा तर दुसरा "माझंही ऐक" करत मागून येतो, लग्नाच्या पंगतीला एका आमंत्रणावर चौघं यावीत तसा. कोविडच्या काळात तर प्रयोग जवळजवळ बंद आणि किस्से ढीगभर. परवा मंडळातला सुहास म्हणाला, "मंजू, तू लिहून काढ हे सगळं. मेकअपवाल्या माणसाला सगळ्यांचे खरे चेहरे माहीत असतात."

ते मात्र खरं आहे. मी दिवसा अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि मंडळात रंगभूषा करते. दोन्हीकडे काम एकच, दुसऱ्याच्या चुका शोधायच्या. फक्त ऑफिसात त्या झाकायच्या नसतात.

आमचे दिग्दर्शक दिनूकाका. रायस्वाइकला राहतात. त्यांना हॉलंडमध्ये इतकी वर्षं झालीत की डच लोक त्यांना रस्ता विचारतात. त्यांचे वडील सांगलीकडच्या एका फिरत्या नाटक कंपनीत रंगभूषा करायचे. त्यांची लाकडी पेटी काकांनी इकडे आणली, आणि तीच आमच्या मंडळाची कुलदेवता. पेटीत पत्र्याचे चार डबे. वडिलांच्या काळी त्यात सफेदा, पिवडी आणि हिंगूळ खोबरेल तेलात खलून भरलेलं असायचं. आता मी पॅनकेक नावाचा तयार मेकअप भरते. पण डब्यांवरच्या चिठ्ठ्या काका बदलू देत नाहीत. चिठ्ठ्यांवर रंगाचं नाव नाही की नंबर नाही. पात्राचं नाव आहे! "राजा-राणी", "मंत्री", "नोकर", "राक्षस". राजा-राणी सगळ्यात गोरे, आणि तिथून पायरीपायरीने उतरत राक्षसापर्यंत. एवढा सोपा समाज मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

ही पेटी घेऊन काका पहिल्यांदा विमानतळावर उतरले, तेव्हा कस्टमवाल्याने ती उघडायला लावली. चार डबे, चार रंगांचे लगदे. त्याचा चेहरा गंभीर. काकांनी एकेका डब्यावर बोट ठेवत समजावलं, "धिस इज किंग. धिस इज मिनिस्टर. धिस इज सर्व्हंट. धिस इज डीमन."

कस्टमवाल्याने डब्यांकडे पाहिलं, मग काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "अँड व्हिच वन आर यू, सर?"

काका म्हणाले, "डायरेक्टर!"

* * *

पहिल्या लॉकडाऊनमध्ये सगळं ऑनलाइन गेलं. भाजी ऑनलाइन, मुंज ऑनलाइन, तेव्हा तालीमही ऑनलाइन. नाटक काकांनीच लिहिलेलं, 'निवाडा' नावाचं. एक राणी, तिचा राजा, तिची दासी आणि एक राक्षस, ही मुख्य पात्रं. राजा होता सुहास, आमचा अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या डीमन गावचा आयटीवाला. राणी त्याची बायको अनघा. दासी आणि राक्षस असे दोन्ही रोल वृंदाला. वृंदा मूळची नांदेडची, आइंडहोवनला चिप बनवायच्या मशिनांवर काम करते आणि मंडळात सगळ्यात चांगलं काम करते. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि तरीही ती दरवर्षी दासी किंवा राक्षस असायची. वृंदा काळीसावळी आहे. काका दरवर्षी तिला प्रेमाने म्हणायचे, "वृंदा, तुझ्यावर रंगाचा खर्चच नाही बघ, वेळ वाचतो!" आणि ती दरवर्षी हसायची.

तर पहिली ऑनलाइन रंगीत तालीम. माझ्या हातात स्पंज, आणि समोर गाल नाहीत, स्क्रीन! मी इथून सांगणार, ते तिथे लावणार. सुहासला म्हटलं, जरा उजळ बेस लाव. पठ्ठ्याने अनघाचं फाउंडेशन लावलं, त्यावर टाल्क लावली, समोर तो गोल दिवा लावला आणि भाड्याच्या घराच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीसमोर जाऊन बसला. मागे राजवाड्याचं चित्र दिसावं म्हणून त्याने अ‍ॅपमधली बॅकग्राउंड चालू केली. अ‍ॅपला भिंत कुठे संपते आणि सुहास कुठे सुरू होतो तेच कळेना! राजवाडा दिसायला लागला आणि राजा गायब. हवेत नुसती मिशी, आणि मिशी वाक्यं म्हणतेय, "प्रधानजी, राज्याची हालहवाल काय?"

वृंदा तिच्या चौकटीतून म्हणाली, "काका, राजा गोरा होता होता भिंतीत गेला. राक्षस मात्र पूर्ण दिसतोय ना?"

* * *

मिशीवर नाटक उभं राहणार नाही हे काकांनाही पटलं. मग ठरलं, कॅमेरे बंद, नुसता आवाज. श्रुतिका करायची आणि घरोघरच्या मंडळींना ऑनलाइन ऐकवायची. ज्या दिवशी ती व्हायची, त्याच दिवशी सुहास-अनघाच्या तान्ह्या बाळाचं पोट दुखायला लागलं. राणीचा संवाद सुरू झाला की बाळ टाहो फोडायचं. अनघा रडवेली होऊन म्हणाली, "वृंदे, तू वाच गं राणी. तुला पाठ असेलच."

वृंदाला पाठ होतीच. तिला सगळ्यांचंच पाठ असतं. तिने राणी वाचली आणि मी डीमनच्या माझ्या स्वयंपाकघरात कणीक तशीच टाकून ऐकत उभी राहिले. शेवटच्या निवाड्यात राणी स्वतःच्याच भावाला शिक्षा सुनावते. तिथे वृंदाने आवाज चढवला नाही, खाली आणला. माझ्या अंगावर काटा आला.

नंतर ग्रुपवर मेसेजची रांग. "राणी कोण?" "राणी कोण होती?" पुण्याहून कुणाच्या तरी सासऱ्यांनी तर जाहीर केलं, "आवाजावरून सांगतो, बाई उंच, गोरीपान आणि घाऱ्या डोळ्यांची असणार!"

वृंदाने तो मेसेज आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला. म्हणाली, "उंच आहे मी. तिनात एक बरोबर. काठावर पास!"

* * *

पुढच्या वर्षी तरी हॉल मिळतील अशी आशा दिसायला लागली तेव्हा काकांनी कॉलवर पात्रं जाहीर केली. अनघा म्हणाली, मी बाळामागे धावते, दासी करीन. काका म्हणाले, "वृंदा, राणी तुझीच."

वृंदाचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू! ती काही बोलणार एवढ्यात काका माझ्याकडे वळले. म्हणजे स्क्रीनवर सगळे सगळ्यांकडेच बघत असतात, पण ते मला म्हणाले, "मंजू, हिच्यासाठी राजा-राणीचा डबा जास्त भरून ठेव. मान, हात, कानामागे, कुठे सोडू नकोस."

वृंदा म्हणाली, "काका, राणी मी करणार आहे की डबा?"

"अगं, लाइट असतात. शेवटच्या रांगेपर्यंत चेहरा पोचायला हवा."

"पोचेल. शेवटची रांग जागी असली तर."

"माझ्या वडिलांनी चाळीसेक नाटकांना..."

"काका, तुमच्या वडिलांच्या पेटीत माझ्या रंगाची राणी नाही, ते मला दिसतंय." तिचा आवाज खाली आला, त्या निवाड्यातल्यासारखा. "मला राणी करायची आहे. खूप करायची आहे. पण माझ्या तोंडाने करीन. रंग फासून करायची असेल तर नाव काढून टाका."

काका म्हणाले, "बघू." काकांचं "बघू" म्हणजे नाही. मंडळात हे नव्या माणसालाही दुसऱ्या तालमीला कळतं. मी दोघांच्या मध्ये रिकामा स्पंज घेऊन बसले होते, आणि खरं सांगते, मला दोघांचाही राग आला होता. काकांचा थोडा जास्त.

* * *

आता बाळाचा किस्सा. हा मूळचा अनघाचा आहे, पण ती सांगताना स्वतःच हसत सुटते म्हणून मी सांगते.

भारतात वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं. इथे डिसेंबरच्या सुरुवातीला सिंटरक्लास नावाचा पांढऱ्या दाढीचा संत पोरांना खाऊ वाटायला येतो. त्याच्याबरोबर पीट नावाचे मदतनीस असतात. वर्षानुवर्षं गोरी माणसं तोंडाला काळा रंग फासून, कुरळे विग घालून, ओठ लालभडक करून पीट व्हायची, उड्या मारायची, वेडंवाकडं बोलायची, आणि गावंच्या गावं हसायची. ज्यांचा रंग संध्याकाळी धुऊन निघत नाही, त्यांनी म्हटलं, हे आमच्या मनाला लागतं. मग मोठी भांडणं झाली, अजून होतात. पण आता बऱ्याच ठिकाणी पीटच्या गालावर नुसते काजळीचे एक-दोन फराटे असतात. चिमणीतून उतरला म्हणून लागले, अशी कथा.

तर नोव्हेंबर संपत आलेला. अनघा बाळाला कडेवर घेऊन खिडकीत उभी. बाळाच्या गालावर तिने सवयीने टपोरी तीट लावलेली. समोरून शेजारच्या मीपबाई चाललेल्या, वय सत्तरीचं. त्या थांबल्या, टाळ्या वाजवल्या, आणि काही वेळात दाराशी पेपरनोटनची पिशवी. पेपरनोटन म्हणजे त्या सणाची छोटी मसाल्याची बिस्किटं. वर चिठ्ठी, "हॉलंडमधल्या सगळ्यात छोट्या पीटसाठी!"

अनघाला राहवेना. ती अंतर राखून, पायरीवरून समजावायला गेली. "हा पीट नाही हो. ही तीट. बाळ सुंदर दिसतं ना, म्हणून त्याला नजर लागू नये यासाठी गालाला थोडं काळं लावायचं."

मीपबाईंनी विचार केला. "म्हणजे काळं लावलं की ते कमी सुंदर दिसतं?"

"हो. म्हणजे नाही! म्हणजे, लोकांनी फार बघू नये म्हणून."

"गंमत आहे," मीपबाई म्हणाल्या. "आमच्याकडे उलटं होतं. काळं लावलं की सगळं गाव बघायला यायचं."

अनघाने हे तालमीच्या कॉलवर सांगितलं आणि आमचं लोळायचंच बाकी राहिलं. हसणं ओसरल्यावर वृंदा म्हणाली, "आमच्याकडे धाकटीला रोज तीट असायची. मला कधीच नाही. मी रुसून आईला विचारलं, मला का नाही लावत? तर आई म्हणायची, तुला कुठे लावू गं, लावली तरी दिसायची नाही!"

ती हसली, म्हणून आम्हीही हसलो. काका चष्मा शोधत होते. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

* * *

काकांचा स्वतःचा एक ठेवणीतला किस्सा आहे. दरवर्षी सिंटरक्लासच्या दिवशी ते तो सांगतात आणि दरवर्षी आम्ही पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसतो. ते नव्याने इकडे आले तेव्हाचा. ऑफिसात सणाचा कार्यक्रम होता, छोटीशी नाटुकली. नाटक म्हटल्यावर काका सगळ्यांच्या आधी हजर. रंगवायला बसलेले सगळे गोरे सहकारी आरशासमोर काळे होतायत. साहेब आले, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दिनू, तू पीट! तुला तर रंगही लागणार नाही. आमचा वेळ वाचला!"

इथे हसायचं. काकाही इथेच हसतात. "हॉलंडमधला बिनखर्चाचा पीट मी!" असं म्हणून मांडीवर थाप मारतात.

त्या वर्षी कॉलवर त्यांनी तो सांगितला. थाप मारली. आम्ही हसलो. वृंदा नाही हसली.

तिने विचारलं, "काका, तुम्हाला कोण व्हायचं होतं?"

"अं?"

"तुम्ही सगळ्यांच्या आधी गेला होतात ना. कोण व्हायला?"

"संत," ते म्हणाले. "दाढी नेली होती घरून. या पेटीतलीच, ऋषींची. वडिलांनी स्वतः विणलेली."

"मग?"

"मग काय. पिशवीतून काढलीच नाही."

यावर काकांचं चित्र स्क्रीनवर गोठलं. नेटवर्क गेलं होतं की ते तसेच बसून होते, आम्हाला कळलं नाही. सुहासने हळूच विचारलं, "काका, आवाज येतोय का?"

* * *

उन्हाळ्यात नियम सैल झाले आणि आम्ही झुइडओस्टच्या बागेत तालमी सुरू केल्या. प्रत्येकात दीड मीटर अंतर ठेवायचं. काकांनी आपली लाकडी तलवार काढली. "ही बरोब्बर दीड मीटर आहे. एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, असे उभे राहा!" आता विचार करा, बागेत एक म्हातारा माणूस तलवार घेऊन लोकांना एकमेकांपासून लांब ढकलतोय. पालिकेचा गणवेशातला माणूस आला नसता तरच नवल.

आला. उंचापुरा, सुरिनामचा असावा. काकांच्या चिठ्ठ्यांप्रमाणे बघायचं तर वृंदाच्याच डब्यातला. तलवारीकडे बघून त्याने विचारलं, "इथे प्रमुख कोण?"

एरवी काकांनी पाऊल पुढे टाकलं असतं. पण त्यांच्या हातात तलवार होती आणि तोंडाला घाम. सुहास झाडामागे. अनघा बाळामागे. वृंदा रेनकोट आणि स्पोर्ट्स शूजमध्ये, भुरभुरत्या पावसाने अंगभर ओली, मधोमध उभी होती. तिने मान वर केली आणि डचमध्ये सांगितलं, "मी. मी राणी आहे."

तो माणूस क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने टोपी काढली, कमरेत वाकला आणि म्हणाला, "महाराणी, तुमची प्रजा फार जवळजवळ उभी आहे!"

दंड नाही, पावती नाही. टोपी घालून गेला. जाताना वळून सुहासला झाडामागून बाहेर यायची खूण केली.

परतीच्या मेट्रोत काका माझ्यासमोरच्या सीटवर होते, मांडीवर तलवार, तोंडाला मास्क. मला म्हणाले, "त्याने तिला विचारलंसुद्धा नाही गं, कुठली राणी म्हणून."

मी विचारलं, "काका, मग राजा-राणीचा डबा भरू का नको?"

"बघू," काका म्हणाले.

* * *

आता शेवटचा. हा मी कुठेही सांगितला तरी लोक विचारतात, मग पुढे? पुढे काही नाही. एवढाच आहे.

शेवटी डीमनच्या एका छोट्या हॉलमध्ये 'निवाडा' लागला. दारात क्यूआर कोड तपासून माणसं आत, खुर्च्या एक सोडून एक. मीपबाईही आल्या होत्या, मराठीचं अक्षर कळत नसताना. मागे मेकअपच्या खोलीत मी मास्क लावून सुहासला रंगवत होते. राजाला राजाचा डबा, त्यावर त्याची तक्रार नसते. वृंदा हिरव्या शालूत, मोठी नथ घालून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली. तिच्या तोंडावर मी काहीही लावलं नव्हतं. ओठांना रंग, डोळ्यांत काजळ, बास. मला काही सांगितलंच नव्हतं कुणी, आणि मी विचारायला गेलेही नव्हते.

पहिली घंटा झाली आणि काका आत आले. प्रयोगाचं ठेवणीतलं धोतर, हातात पेटी. ती त्यांनी आरशासमोर ठेवली, उघडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "राजा-राणीचा डबा दे."

वृंदाने आरशात बघितलं, त्यांच्याकडे नाही. तिचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले. सुहास अर्धा रंगलेला तसाच थांबला. "काका," मी म्हटलं, "आता ऐन वेळी नको. ती जाईल निघून."

"डबा दे, मंजू."

सुहाससाठी घेतलेला डबा मी झाकण लावून दिला. काकांनी झाकण काढलं. स्पंज घेतला नाही. करंगळीचं टोक त्या गोऱ्या रंगात बुडवलं, वाकले, आणि वृंदाच्या डाव्या गालावर, कानाच्या जरा अलीकडे, एक ठिपका लावला. एकच. तिच्या गालावर तो लख्ख उठून दिसत होता. मग करंगळी धोतराला पुसली, डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि तो पेटीत ठेवून दिला.

वृंदा आरशात बघत राहिली. "काका, हे काय?"

"तीट," काका म्हणाले. दुसरी घंटा झाली होती. ते दाराकडे निघाले आणि उंबऱ्यात थांबून म्हणाले, "फोटो काढून आईला पाठव. म्हणावं, दिसते."